शेवाळ कुठे धरतं?

ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा ठोकळा दिसतो. लांबी, रुंदी, उंची सगळं दोन-दोन मीटर. वर एक दिवा, बाजूला एक कॅमेरा, बस्स. हा ठोकळा जरा निरखून बघितला तर चमत्कारिक वाटायला लागतं, कारण असा ठोकळा जगात कुठेच नसतो. त्याच्या कडा इतक्या धारदार असतात की त्यांना जाडीच नाही. सुताराने कितीही काटेकोर रंधा मारला तरी लाकडाची कडा किंचित गोल राहते आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ उमटते. या ठोकळ्याला ती रेघ नाही. धूळ नाही, ओरखडा नाही, कोणाचा हात लागल्याची खूण नाही.

संगणकात वस्तू आपोआप जुनी होत नाही. तिथे पाऊस पडत नाही, लोखंड गंजत नाही, रंगाचे पोपडे निघत नाहीत. स्वच्छता फुकट मिळते. घाण मात्र एकेक डाग करून हाताने आणावी लागते, आणि कुठली घाण कुठे यायची याचं कारणही माहीत असावं लागतं. गेमसाठी घरं, झाडं, हत्यारं, माणसं घडवणाऱ्या कलाकारांची निम्मी हयात या कारणांचा माग काढण्यात जाते. बाकीची निम्मी ते सगळं यंत्राला झेपेल इतकं हलकं करण्यात.

या कामाच्या शिकवणीला पापडीसारखी जागा नाही, असं माझं मत आहे. वसई रोड स्टेशनवरून पश्चिमेला, किल्ल्याच्या वाटेवरचं हे आपलं गाव. गाव म्हणायचं जुन्या सवयीने; महापालिका येऊन बरीच वर्षं झाली. पण तळं आहे, अवर लेडी ऑफ ग्रेसचं चर्च आहे (१९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि हे चर्च कॅथेड्रल झालं), आणि इमारतींच्या मधे मधे अजून तग धरून असलेली कौलारू घरं आहेत. जून लागला की सप्टेंबरपर्यंत यातलं काहीही कोरडं राहत नाही. आता या दिवसांत एखाद्या कंपाउंडच्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. शेवाळ सगळीकडे सारखं धरत नाही. भिंतीच्या पायथ्याला, जिथे रस्त्यावरचं पाणी उडतं, तिथे जाड. फुटलेल्या पन्हळीखाली वरून खालपर्यंत एक काळी-हिरवी पट्टी. खिडकीच्या छज्ज्याखाली कोरडी, फिकट जागा. दोन चिऱ्यांच्या सांध्यात आहे, चिऱ्याच्या पोटावर नाही. उत्तरेकडच्या बाजूला दिवाळीपर्यंत टिकतं, दक्षिणेकडे ऊन लागलं की उडून जातं. जिथे पोरं रोज टेकून बसतात तिथे धरतच नाही. भिंत म्हणजे पाण्याचा, उन्हाचा आणि माणसांचा लेखी जबाब असतो, आणि तो वाचता येणं हेच गेममधल्या ‘एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट’चं, म्हणजे परिसर उभा करणाऱ्याचं, मूळ भांडवल.

या धंद्यात कामाच्या बऱ्याच वाटण्या असतात. कॉन्सेप्ट आर्टिस्ट आधी चित्र काढून जग कसं दिसेल ते ठरवतो. परिसर करणारे वेगळे, सुट्या वस्तू करणारे प्रॉप आर्टिस्ट वेगळे, पात्रं करणारे वेगळे, त्यांना हलवणारे ॲनिमेटर वेगळे. धूर, ठिणग्या नि पाणी करणारे आणखी वेगळे. चित्रकार आणि प्रोग्रामर या दोघांची भाषा कळणारा टेक्निकल आर्टिस्ट हा दुर्मीळ प्राणी, सगळ्या स्टुडिओत त्याला जपून ठेवतात. हौशी माणसाला ही चैन नाही. नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून रात्री जेवणं झाल्यावर बसायचं आणि हे सगळे मुखवटे एकट्यानेच घालायचे.

आपण एक अगदी साधी वस्तू घेऊ. मंगलोरी कौल. बासल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हे सपाट, खाचेत खाच बसणारं, लाल कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. वसईतल्या जुन्या घरांवर अजून आहे. आता हे कौल गेममध्ये न्यायचं आहे.

पहिलं काम संगणकाचं नाहीच. पहिलं काम फोटोंचं. कौल वरून, खालून, कडेने, ओलं, सुकं, नवं, फुटकं. वस्तूवर फूटपट्टी ठेवून एक फोटो घ्यायचा, कारण माप चुकलं तर पुढचं सगळं फसतं. सव्वा फुटाचं कौल अडीच फुटांचं झालं की समोरचं घर बाहुलीचं वाटायला लागतं आणि नेमकं काय बिघडलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. हे फोटो प्युअररेफ नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये एका फळ्यावर मांडून ठेवतात. आणि इथे एक गंमत. असे फोटो घ्यायला सगळ्यात चांगला दिवस म्हणजे ढगाळ दिवस. कडक उन्हात प्रत्येक खाचेची सावली फोटोत उतरते, आणि ती सावली कायमची रंगात मिसळून बसते. मग गेममधला सूर्य डावीकडे असला तरी कौलावरची सावली उजवीकडच्या उन्हाची. ढगांतून येणारा उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून वस्तूचा खरा रंग मिळतो. ज्या हवेला आपण ‘कोंदट’ म्हणून नावं ठेवतो, ती वसईची ऑगस्टमधली हवा या लोकांसाठी मोठा स्टुडिओच आहे.

मग आकार. संगणकाच्या चित्रण करणाऱ्या चिपला गोल माहीत नाही, वक्र माहीत नाही. तिला येतात फक्त त्रिकोण. गेममधला घोडा, समुद्र, नायिकेचा गाल, सगळं छोट्या छोट्या त्रिकोणांचं असतं. कारण सरळ भूमितीचं आहे: कुठलेही तीन बिंदू घेतले तरी ते एका सपाटीत बसतातच. चौथा आला की तो वर-खाली होऊ शकतो आणि पृष्ठभाग नेमका कुठून वाकला याचा वाद सुरू होतो. त्रिकोणात वाद नाही, म्हणून हिशोब झटपट होतो. आपल्या पालघर जिल्ह्याला हे नवं वाटू नये. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणसं काढत होते: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, चार रेघा. आणि तो माणूस नाचायचा. कमीत कमी त्रिकोणांत जिवंत माणूस उभा करायचा, हे कोडं वारल्यांनी चिपच्या कितीतरी आधी सोडवलेलं आहे.

आपलं कौल मात्र दोन त्रिकोणांत भागत नाही. म्हणून कलाकार ते दोनदा बनवतो. एकदा भरपूर तपशिलाने: झेडब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मातीकाम केल्यासारखं, पेनाने दाबून, खरवडून, बारीक खडे, भाजताना पडलेली भेग, साच्यातून उमटलेलं कारखान्याचं नाव. हे झालं ‘हाय पॉली’, त्यात वीसेक लाख त्रिकोण सहज होतात. दुसऱ्यांदा तेच कौल जेमतेम तीन-चारशे त्रिकोणांत. हे ‘लो पॉली’. गेममध्ये जातं ते दुसरं, आणि दिसतं मात्र पहिल्यासारखं. ही किमया ज्या चित्रामुळे होते त्याचं नाव ‘नॉर्मल मॅप’. या सगळ्या धंद्यातली सगळ्यात सुंदर युक्ती कोणती असं कोणी विचारलं तर मी हिचंच नाव घेईन.

आपल्या डोळ्याला उंचवटा कसा कळतो? हात लावून नाही, उजेडावरून. जो भाग उजेडाकडे तोंड करून आहे तो उजळ, जो पाठ फिरवून आहे तो काळसर. म्हणजे पृष्ठभाग खरोखर उंच-सखल असण्याची गरज नाही. प्रत्येक ठिपक्याचं तोंड कुठे आहे एवढं यंत्राला सांगितलं की पुरे. जिम ब्लिन याने १९७८ मध्ये खरोखरचे उंचवटे न घडवता सुरकुत्या दाखवण्याची वाट काढली. पुढे १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या वेंकट कृष्णमूर्ती आणि मार्क लेव्हॉय यांनी तपशीलवार आकारातली माहिती साध्या आकारावर चित्राच्या रूपाने कशी चढवायची ते दाखवलं. २००४ च्या ‘डूम ३’ या गेमने ही युक्ती घरोघर पोचवली. नॉर्मल मॅपच्या चित्रात रंग म्हणजे रंग नसतोच, दिशा असते. लाल आकडा सांगतो डावीकडे की उजवीकडे, हिरवा सांगतो वर की खाली, निळा सांगतो किती समोर. शून्य ते २५५ या पट्टीवर मधला आकडा १२८. जो ठिपका सरळ समोर बघतो त्याचा लाल १२८, हिरवा १२८ आणि निळा पुरेपूर २५५. हे तीन मिसळले की येतो जांभळट निळा. म्हणून जगातले बहुतेक नॉर्मल मॅप त्याच एका विचित्र जांभळट निळ्या रंगाचे दिसतात, मग वस्तू कौल असो की राक्षसाची पाठ. कलाकाराच्या आईला कधी मुलाच्या पडद्यावर असं चित्र दिसलं तर तिला वाटतं, रंग बिघडले. आणि खरंच एक बिघाड होतो. ब्लेंडर हिरव्या आकड्याचा अर्थ एका दिशेने लावतं, गेम ज्यात उभा करतात ते अनरियल इंजिन उलट दिशेने. चित्र तसंच्या तसं नेलं तर कौलावरची प्रत्येक खाच फुगून वर येते आणि प्रत्येक उंचवटा आत बसतो. हिरवा रंग उलटा केला की सगळं जागेवर.

एक पायरी मधे राहिली: कौलाचं कातडं सोलून सपाट पसरणं. चित्र सपाट असतं, वस्तू नसते. म्हणून वस्तूला कुठे शिवण घालून उलगडायचं ते ठरवावं लागतं. याला ‘यूव्ही अनरॅप’ म्हणतात. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यांना करावं लागतं, एवढं सांगून पुढे जाऊ.

आता रंग. इथे कलाकार एक नाही, निदान तीन चित्रं बनवतो. एकात वस्तूचा स्वतःचा रंग, उजेड-सावलीशिवाय. दुसऱ्यात खरखरीतपणा: कृष्णधवल चित्र, काळं तिथे गुळगुळीत, पांढरं तिथे खडबडीत. तिसऱ्यात धातू आहे की नाही. दाराची लोखंडी कडी घेतली तर तिसऱ्या चित्रात कडी पांढरी, पण तिच्यावरचा गंज काळा, कारण उजेडाच्या लेखी गंज हा धातू राहिलेला नसतो. उजेड त्यावर मातीसारखा पसरतो. आणि ओलं कौल? ओलं कौल जास्त गडद आणि जास्त चकचकीत, दोन्ही एकदम. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी शिरलं की आत गेलेला उजेड तिथेच घुटमळतो, बाहेर कमी येतो, म्हणून रंग गडद होतो. आणि वरचा पाण्याचा पातळ थर आरशासारखा वागतो, म्हणून चमक येते. पावसाची सर सुरू होताना अंगण का काळं पडतं याचं उत्तर मला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नव्हतं, ते या लोकांच्या रंगाच्या आणि खरखरीतपणाच्या चित्रांत मिळालं.

शेवाळ येतं सगळ्यात शेवटी. सबस्टन्स पेंटर नावाचं सॉफ्टवेअर यात मदत करतं: कौलाच्या कुठल्या जागा खोलगट आहेत, कुठल्या कडा बाहेर आलेल्या आहेत, कुठला भाग आकाशाकडे तोंड करून आहे, हे आधी मोजून ठेवतं. मग ‘खोलगट जागी हिरवं भर, कडांवरचा रंग उडव’ असा एक हुकूम सोडला की क्षणात वस्तू पन्नास वर्षांची होते. नवशिका इथेच फसतो. त्याच्या दारापासून तलवारीपर्यंत सगळ्या वस्तूंच्या सगळ्या कडा सारख्याच झिजलेल्या असतात, जणू कोणी सबंध जग कानशीने घासून काढलंय. खरी झीज इतकी न्यायी नसते. एसटीच्या दाराजवळचा दांडा बघा: रंग उडालेला आहे तो हात पोचतो तेवढ्याच उंचीवर, वर आणि खाली रंग शाबूत. जिन्याची पायरी मधोमध खचते. किल्ली लावताना किल्लीच्या जुडग्यातल्या दुसऱ्या किल्ल्या कुलपाच्या एकाच बाजूला ओरखडे काढतात. तेव्हा हुकूम सोडून झाल्यावर चांगला कलाकार पुसायला बसतो. या कौलावर आंब्याची फांदी होती का? मग पाला कुजून इथे काळं झालेलं असणार. हे कौल मागच्या वर्षी बदललंय का? मग ते एकच लालभडक, बाकीची काळपट. अशा एका नव्या कौलामुळे सगळं छप्पर खरं वाटायला लागतं, कारण त्या घरात कोणीतरी राहतं आणि गळती लागल्यावर शिडी लावून चढतं, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

हे सगळं झाल्यावर यंत्र बिल पुढे करतं. गेम चांगला चालायचा तर सेकंदाला साठ चित्रं दिसायला हवीत, म्हणजे एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात कौलं, झाडं, पाऊस, शत्रू, सावल्या, सगळं काढून झालं पाहिजे, आणि पुन्हा पहिल्यापासून. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं एकच चित्र घेतलं तर ठिपके होतात १ कोटी ६७ लाखांवर. प्रत्येकाला चार बाइट धरले तर ६४ एमबी. दाबून एक चतुर्थांश केलं तरी १६. एका कौलासाठी तीन-चार अशी चित्रं वापरणाऱ्याला टेक्निकल आर्टिस्ट हसत नाही, कारण त्याला रडू येत असतं. त्यातून आपल्याकडे बहुसंख्य लोक खेळतात ते मोबाइलवर. तेव्हा काटकसर आलीच. छपरावर दोन हजार कौलं असतील तर घडवायची चार-पाचच, तीच फिरवून फिरवून मांडायची. छप्पर दूर गेलं की त्याचं आणखी हलकं रूप लावायचं, फार दूर गेलं की नुसता एक सपाट तुकडा आणि त्यावर कौलांचं चित्र. अनरियल इंजिनच्या पाचव्या आवृत्तीतल्या नॅनाइट नावाच्या तंत्राने २०२२ पासून यातला बराच त्रास कमी केला आहे, पण मोबाइलवर जुनी काटकसरच चालते.

काटकसरीचा आद्य धडा १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा. सबंध गेम ४० केबीत बसवला होता. आज लग्नाच्या व्हॉट्सॲप पत्रिकेला त्याहून जास्त जागा लागते. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट बघा. आकार एकच आहे. पांढरा दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो गेम खेळला आणि कितीजणांच्या ते लक्षात आलं? मारिओची मिशीही अशीच अडचणीतून उगवलेली: १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनात तोंड आणि नाक वेगळं दाखवायला जागा नव्हती, मिशीने ते काम झालं. केस हलताना दाखवणं जमत नव्हतं म्हणून डोक्यावर टोपी आली.

हौशी माणसाला या जगाचं दार उघडलं ते ब्लेंडरमुळे. नेदरलँड्सच्या टॉन रोझेनडालने १९९० च्या दशकात ते आपल्या स्टुडिओसाठी लिहिलं. पुढे कंपनी बुडाली, गुंतवणूकदारांनी सांगितलं, एक लाख युरो आणा आणि सॉफ्टवेअर मोकळं करा. २००२ मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ते पैसे उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढून विहीर मोकळी करावी तसा हा प्रकार, आणि विहिरीचं पाणी आज पापडीतल्या एखाद्या सेकंडहँड लॅपटॉपवरही फुकट येतं. चित्रासाठी क्रिटा तसंच मोफत आहे. पैसे घालावे लागतात ते लॅपटॉपच्या मेमरीसाठी आणि पेन टॅबलेटसाठी.

हा टॅबलेट दिसायला काळी पाटी, पण त्याचा पेन हातात घेऊन विचार करण्यासारखा आहे. वॅकॉम कंपनीच्या पेनात बॅटरी नसते. वायर नसते. मग तो पाटीला आपली जागा सांगतो कसा? पाटीखाली तारांची जाळी असते, ती सेकंदाला असंख्य वेळा बारीक चुंबकीय लहर सोडते आणि लगेच गप्प राहून कान देते. पेनातली तारेची गुंडाळी त्या लहरीवर घुमते आणि परत साद देते. पेन दाबला की सादेचा सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. काही पेनांत हा दाब ८१९२ पायऱ्यांत मोजला जातो. म्हणजे आपण पाटीवर रेघ ओढत असतो तेव्हा पाटी आणि पेन सतत एकमेकांना हाका मारत असतात.

वसईच्या हौशी कलाकाराचं एक खास दुःख सांगायलाच हवं: पावसाळ्यात वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी गुपचूप एक प्रत ठेवतं, हे ज्याला माहीत नसतं त्याला पहिल्या श्रावणातच कळतं. ज्यांना या छंदाचं वेड लागतं ते ‘गेम जॅम’मध्ये उतरतात, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत आख्खा छोटा गेम करून दाखवायचा. झोप उडते, पण वस्तू अर्धवट सोडायची सवय मोडते.

नोकरी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बंगळूरमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने परदेशी गेमचं काम भारतात आणण्याची वाट पाडली. २०१९ मध्ये रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीने ती विकत घेतली. आपल्याकडे २००८ पासून पुण्यात यूबीसॉफ्ट ही गेम कंपनी आहे, २०१८ पासून मुंबईतही. या धंद्यातलं पुष्कळ काम बाहेरच्या गेमसाठी असतं. एखादी मुलगी सहा महिने फक्त मोटारींचे दरवाजे करते आणि कोणत्या गेमसाठी ते घरी सांगू शकत नाही, कारण करारात गुप्तता लिहिलेली असते. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगी काय करते?’ याचं उत्तर देताना वडिलांची होणारी पंचाईत वेगळीच. गेम बाहेर आला की शेवटच्या नामावळीत नाव शोधायचं. फायलींची नावंही शिस्तीत: टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, असेल तर आधी ‘टी’, आकार असेल तर ‘एसएम’, मग वस्तू, मग क्रमांक. शंभर माणसं एकाच जगात काम करत असली की कविता फायलीच्या नावात करून चालत नाही.

आणि चेहरा हा सगळ्यांचा कर्दनकाळ. पुणे-मुंबईच्या यूबीसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर केली तेव्हा ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवरून जगभर टीका झाली, मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. भिंत थोडी चुकली तर कोणाला कळत नाही, पण माणूस जन्मल्यापासून चेहरेच वाचत आलेला असतो. ओठाचा कोपरा एक मिलिमीटर चुकला की तो दचकतो. मला यात आपल्या कलाकारांची मान खाली जावी असं काही वाटत नाही. जगातल्या सगळ्यात अवघड परीक्षेला बसलेल्यांचा तो निकाल होता.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच एका छोट्या चमूने दुसरी वाट दाखवली. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम सोडला नाही. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की त्यांनी खऱ्यासारखं दिसण्याच्या शर्यतीत उडीच घेतली नाही. राजस्थानी वाड्यांच्या धर्तीचं बांधकाम, पहाडी चित्रशैलीवरून हाताने रंगवलेली टेक्स्चर, आणि कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवख्यांच्या विभागात त्यांना नामांकन मिळालं. त्या बाहुल्यांची प्रेरणा मात्र बालीची. माझ्यातल्या कोकण्याला इथे जरा खटकतं: कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या अजून आहेत, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणीतरी त्या दारातून गेममध्ये शिरायला हवं.

पोशाखाचीही अशीच एक आपली अडचण आहे. गेममधले कपडे करायला मार्व्हलस डिझायनर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात शिंप्यासारखे तुकडे कापायचे, संगणकाला सांगायचं कुठे शिवायचं, आणि तो कापड अंगावर पाडून चुण्या स्वतः पाडतो. सदरा, कोट, झगा, सगळं झकास. आता त्याला वसईच्या कुपारी समाजातल्या आजीचं लाल लुगडं द्या. शिवण कुठे? नाहीच. लुगडं फक्त गुंडाळतात, खोचतात, ओढून घेतात, आणि आजी चालताना ते आपोआप सावरलं जातं. म्हणून मग कापडाची लांब पट्टी घेऊन, ठिकठिकाणी अदृश्य टाचण्या मारत, एकेक वेढा स्वतंत्रपणे पाडावा लागतो, आणि जमलं की सगळं तिथेच गोठवून टाकतात.

पण वसईत हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात शेवटी एकच जागा घोळत असणार: किल्ला. पापडीपासून रिक्षाने थोड्या वेळात पोचतो. फोटोंवरून आकार उभा करण्याचं तंत्र, फोटोग्रॅमेट्री, यासाठी अगदी योग्य: एका कमानीभोवती फिरत, एकावर एक येतील असे शेकडो फोटो घ्यायचे. संगणक दोन फोटोंत दिसणारे सामायिक ठिपके शोधतो, ते किती सरकले यावरून तुम्ही कुठे उभे होतात ते काढतो, आणि मग कमान हवेत उभी करतो. दगडाची प्रत्येक टाकी त्यात येते. हाच वसईचा दगड पोर्तुगिजांनी गलबतांतून जुन्या गोव्याला नेला होता; १६०५ मध्ये पुऱ्या झालेल्या बाँ जेझूच्या दर्शनी भागावर तो आहे. म्हणजे एका दगडाचे दोन नमुने आयते मिळतात: एक इथे चारशे पावसाळे सोसलेला, एक तिथे.

जुनी वास्तू गेममध्ये उभी करण्याचं मोठं काम परदेशात झालेलं आहे. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेमसाठी कॅरोलिन मिऊस या कलाकार बाईने पॅरिसचं नोत्र दाम उभं करण्यात वर्षं घालवली. एप्रिल २०१९ मध्ये ते जळलं तेव्हा अफवा उठली की आता गेमवरूनच पुन्हा बांधणार. तसं काही नव्हतं. गेममधलं नोत्र दाम खेळण्याच्या सोयीने जागोजाग बदललेलं होतं, चढायला जागा हव्यात म्हणून.

वसईचं काम त्याहून अवघड आहे, कारण यंत्र टिपतं ते आजचं पडकं रूप. गेम करायचा तर १७३९ चा हवा: पोर्तुगिजांच्या या किल्ल्याला मराठ्यांनी घातलेला, फेब्रुवारी ते मे चाललेला वेढा, चिमाजी अप्पा, सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली पेरलेले सुरुंग. त्या मे महिन्यात इथे हे पिंपळ नव्हते, हे शेवाळ नव्हतं, हा काळा दगड असा उघडा नव्हता. आतल्या कमानींवर कुठे कुठे अजून चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे चिकटून आहेत, तेवढ्यावरून कलाकाराने ठरवायचं की भिंती पांढऱ्या किती होत्या, पांढऱ्यावर तोफांच्या धुराचा काळा कुठून कुठे पसरला असेल, आणि नुकताच ढासळलेला दगड आतून कुठल्या रंगाचा दिसत असेल. यासाठी मी तरी आधी किल्ल्यात जाणार नाही. आधी जुनं घर पाडत असतील तिथे जाईन, आणि ताज्या फुटलेल्या भिंतीचे ढगाळ दिवशी फोटो काढीन.